कर्करोग झालेल्या माणसाची सोबत



काही दुखण्यांचे नाव आपल्याकडे मोठ्याने घेत नाहीत. 'त्यांच्या घरी ते दुखणं आलंय,' असे हळूच म्हणतात. नाव घेतले तर ते आपल्या घरी येईल, अशी भीती वाटते. रात्रीच्या वेळी आपण सापालाही साप म्हणत नाही. 'लांबडं' म्हणतो. पण लांबडं म्हटल्याने साप चावायचा राहत नाही. पायाखाली काय आहे, ते कंदील धरून पाहावेच लागते.

म्हणून आज आपण ते नाव आधी वाचू. क-र्क-रो-ग. दुसऱ्या 'क'च्या डोक्यावर रफार आहे. कर्क म्हणजे खेकडा. कायगावला गोदावरीच्या काठी राहणाऱ्यांना खेकडा कसा असतो हे सांगायला नको. फार जुन्या काळी ग्रीस देशातल्या वैद्यांनी या रोगाची गाठ पाहिली. गाठीभोवती शिरा फुगलेल्या होत्या. त्या त्यांना खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या. त्यावरून हे नाव पडले. 'कॅन्सर' या शब्दाचा अर्थही खेकडाच.

आता नाव घेऊन झाले. काही बिघडले नाही. पुढे वाचू या.

१. हा रोग आहे तरी काय?

आपले शरीर फार बारीक बारीक कणांचे बनलेले आहे. त्यांना पेशी म्हणतात. त्या नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. हे काम रात्रंदिवस शिस्तीने चालते.

कपाशीच्या शेतात पाहा. कपाशीचे रोप आपल्या सरीत वाढते. वेळेवर बोंड धरते. वेळेवर वाळते. हरळी मात्र सरी ओळखत नाही. बांधही ओळखत नाही. ती रांगत जाते आणि पिकाचा घास खाते. कर्करोगाची पेशी अशीच बेशिस्त वाढते. फरक एवढाच की हरळी बाहेरची असते, आणि ही पेशी आपल्याच शरीरातली असते.

हरळी लहान असेल तर खुरप्याने निघते. रानभर पसरली म्हणजे नांगर घालूनही मुळे मागे राहतात. या रोगाचेही तसेच आहे. लवकर सापडला तर पुष्कळ लोक बरे होतात. उशीर झाला तर उपचार अवघड होतात.

हा रोग का होतो? काही कारणे आता पक्की माहीत आहेत. सर्वांत मोठे कारण तंबाखू. तंबाखू-चुना, गुटखा, मावा, बिडी, सिगारेट आणि बायका दाताला लावतात ती मिश्री, हे सारे त्यात आले. दारूनेही धोका वाढतो. स्त्रियांच्या गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो. काही घराण्यांत हा रोग पिढ्यांनी दिसतो. वय वाढते तसा धोकाही वाढतो. पण पुष्कळांच्या बाबतीत नेमके कारण डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

हा रोग करणीने होत नाही. नजरेने होत नाही. मागच्या जन्माच्या पापाने होत नाही. ज्याने आयुष्यात कधी तंबाखू खाल्ली नाही, त्यालाही होऊ शकतो. म्हणून रुग्णाला 'तूच ओढवून घेतलंस' असे कोणी म्हणू नये. आजाऱ्याला दोष देऊन आजार कमी होत नाही.

२. खुणा ओळखा

पुढील खुणा नीट वाचा. एकदा वाचून घरात मोठ्याने वाचून दाखवा.

तोंडातली जखम तीन आठवडे झाले तरी भरत नाही.
तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा उठला आहे.
तोंड पुरते उघडत नाही. आपली तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जात नाहीत.
स्तनात किंवा काखेत गाठ लागते. स्तनाग्र आत ओढले गेले आहे किंवा त्यातून रक्त येते.
पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त जाते. किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये, किंवा नवराबायकोच्या संबंधानंतर रक्त जाते. अंगावरून घाण वासाचे पाणी जाते.
घास गिळताना अडकतो. आवाज बसला तो सुटतच नाही.
खोकला जात नाही किंवा थुंकीत रक्त येते.
शौचावाटे रक्त जाते. शौचाची सवय अचानक बदलली आहे.
काही कारण नसता वजन उतरत चालले आहे.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे कर्करोगच आहे, असे नाही. पुष्कळ गाठी साध्या असतात. रक्तही मूळव्याधीचे असू शकते. पण साधी आहे की नाही, हे आपण ओट्यावर बसून ठरवायचे नाही. डॉक्टरांनी तपासून ठरवायचे.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. या रोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच माणूस फसतो. 'दुखत तर नाही, मग कशाला जायचं?' असे म्हणत सहा महिने काढतो. काटा दुखतो म्हणून आपण लगेच काढतो. न दुखणाऱ्या गाठीकडे त्याहून लवकर पाहिले पाहिजे.

३. बार्शी आणि धाराशिवने काय शिकवले?

कोणी म्हणेल, 'गुरुजी, हे सगळं मुंबईच्या लोकांचं. आम्हा खेड्यातल्यांना कोण विचारतो?' तर आपल्या मराठी मुलखातलीच हकीकत ऐका.

सोलापूर जिल्ह्यात बार्शी हे तालुक्याचे गाव आहे. तेथे डॉ. बी. एम. नेने यांनी पुढाकार घेऊन १९८२ साली कर्करोगाचे इस्पितळ सुरू केले. कर्करोगाचे इस्पितळ मोठ्या शहरातच असायचे, असा तो काळ होता. १९८७ सालापासून तेथे आसपासच्या खेड्यांतील कर्करोगाची नोंदवही ठेवली जाऊ लागली. खेड्यांतल्या लोकांची अशी नोंद ठेवण्याचे काम भारतात प्रथम तेथे झाले. नोंद करणारे लोक गावोगाव जात. जाताना या रोगाच्या खुणाही समजावून सांगत. हळूहळू असे दिसून आले की गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकर इस्पितळात येऊ लागल्या. नवे यंत्र आले नव्हते. समजूत आली होती.

पुढे शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, याहून मोठे काम झाले. ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांना त्यात घेतले होते. काही गावांतील बायकांची त्या विषाणूसाठी एकदा तपासणी केली. ज्यांच्यात दोष आढळला, त्यांच्यावर वेळीच उपचार केले. काही गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. काही वर्षांनी दोन्हींचा हिशोब केला. जेथे तपासणी झाली होती, तेथे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. हा निकाल २००९ साली जगापुढे आला. जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला. त्या बायका काही शहरातल्या नव्हत्या. निंदणी-खुरपणी करणाऱ्या, आपल्यासारख्याच होत्या.

तेव्हा वयाची ३० वर्षे झाली की तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे तोंड यांची तपासणी करून घ्यावी. आपल्या आशाताईंना विचारा. आरोग्य केंद्रात ही तपासणी कधी होते, ते त्या सांगतील. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग टाळण्यासाठी मुलींना देण्याची लसही आता निघाली आहे. आपल्या पुण्यातही ती तयार होते. ९ ते १४ हे तिचे उत्तम वय. तिचीही चौकशी करा.

४. कोठे जायचे आणि पैशाचे काय?

आपल्या गंगापूर तालुक्यातील माणसाने प्रथम गावाजवळच्या आरोग्य केंद्रात किंवा गंगापूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. तेथून चिठ्ठी घेऊन छत्रपती संभाजीनगरला जावे. तेथे घाटीचे सरकारी इस्पितळ आहे. शिवाय २०१२ सालापासून आमखास मैदानाजवळ खास कर्करोगाचे सरकारी इस्पितळ सुरू झाले आहे. मराठवाड्यातल्या माणसाला आता पहिल्या दिवसापासून मुंबईची वाट धरावी लागत नाही.

मुंबईला परळ येथे टाटा स्मारक इस्पितळ आहे. ते १९४१ साली सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने १९३१ साली वारल्या. त्यानंतर टाटांच्या न्यासाने हे इस्पितळ उभारले. आपल्या डॉक्टरांना गरज वाटली तर ते तिकडे पाठवतील. तेथे जाणाऱ्या गरीब रुग्णांना व सोबत्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार असतो.

इस्पितळात आधी 'तुकडा' काढतात. गाठीचा लहानसा भाग काढून तो दुर्बिणीखाली पाहतात. 'गाठीला सुई लावली की रोग पसरतो,' असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. तुकडा तपासल्यावाचून कोणता रोग आणि कोणते औषध, हे कळतच नाही.

उपचार मुख्यतः तीन प्रकारचे. एक, शस्त्रक्रिया. दुसरा, किरणोपचार. आपले लोक त्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. तिसरा, शिरेतून किंवा गोळ्यांनी द्यायचे औषध. त्याला 'केमो' म्हणतात. कोणाला एक पुरतो, कोणाला तिन्ही लागतात. किती दिवस लागतील, ते डॉक्टर आधीच सांगतात. ते कागदावर लिहून घ्यावे.

आता पैशाची गोष्ट. उपचाराच्या नावाने जमीन गहाण टाकण्याआधी एक चौकशी करा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना हे नाव लक्षात ठेवा. २०१२ साली ही योजना दुसऱ्या नावाने सुरू झाली. २०१७ साली तिला हे नाव मिळाले. योजनेतल्या इस्पितळात कर्करोगाचे ठरावीक उपचार रुग्णाकडून पैसे न घेता होतात. तेथे 'आरोग्यमित्र' अशी पाटी असलेले टेबल असते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन तेथे जावे. चौकशीसाठी १५५३८८ हा फोन आहे.

रेल्वेतही सवलत आहे. उपचाराला किंवा फेरतपासणीला जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला शयनयानाचे म्हणजे स्लीपरचे भाडे माफ असते. त्याच्या एका सोबत्यालाही भाड्यात मोठी सूट मिळते. त्यासाठी इस्पितळाचा ठरावीक दाखला लागतो. तो तिकीट खिडकीवर दाखवावा. एस. टी. च्या सवलतीची चौकशी डेपोत करावी.

५. शिवल्याने हा रोग लागत नाही

आता या पाठातली मुख्य गोष्ट. एका घरची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही.

घरात थोरली सून. वय चाळिशीचे. स्तनात गाठ लागली. तिने कोणाला सांगितले नाही. आधी कापूस वेचायचा होता. मग नणंदेचे लग्न होते. मग पेरणी आली. शेवटी गाठ वरून दिसू लागली, तेव्हा नवऱ्याने शहरात नेले. शस्त्रक्रिया झाली. आठ वेळा केमो घ्यायचे ठरले.

इकडे घरात सासूने तिचे ताट, तांब्या, वाटी वेगळी केली. टॉवेल वेगळा. अंथरूण पडवीत. लेकरांना सांगितले, 'आईजवळ निजायचं नाही.' म्हातारीच्या मनात वाईट नव्हते. तिला नातवंडांची काळजी होती. पण सून मनाने खचली. जेवण तुटले. तिसऱ्या केमोनंतर ती म्हणाली, 'मला नाही जायचं आता.' आणि दोन तारखा चुकल्या.

तिचा धाकटा दीर आदल्या वर्षी आपल्या साक्षरता वर्गात वाचायला शिकला होता. वहिनीचे कागद एका पिशवीत होते. त्याने ते काढले. एका कागदावर मराठीत छापले होते. एकेक अक्षर लावत त्याने ते आईला वाचून दाखवले, 'हा आजार एकमेकांना लागत नाही. रुग्णाबरोबर जेवण्यास, झोपण्यास हरकत नाही.'

म्हातारी म्हणाली, 'कागदाचं काय? कोणी बी काही बी छापतं.'

दीर म्हणाला, 'मग तू चल. सिस्टरबाईंना तूच विचार.'

पुढच्या खेपेला म्हातारी बरोबर गेली. तिने वॉर्डातल्या सिस्टरला विचारले, 'बाई, तुम्ही या समद्यांना हात लावता. तुम्हाला भ्या वाटत नाही का?'

सिस्टर म्हणाल्या, 'आजी, लागत असता तर आम्ही कधीच अंथरुणाला खिळलो असतो. मी रोज घरी जाते, माझ्या लेकराला कुशीत घेऊन झोपते. तुमच्यापासून मात्र तुमच्या सुनेला धोका आहे.'

'माझ्यापासून? ते कामून?'

'या औषधाने तिची ताकद कमी झालीय. तुम्हाला सर्दी झाली तर तुम्ही दोन दिवसांत बऱ्या व्हाल. तिला तीच सर्दी भारी पडेल. तेव्हा ताट वेगळं करू नका. हात धुऊन जवळ जा.'

म्हातारी घरी आली. काही बोलली नाही. रात्री तिने सुनेचे ताट लेकरांच्या ओळीत मांडले. सून म्हणाली, 'आत्याबाई, असू द्या. मी बसते पडवीत.' म्हातारी म्हणाली, 'गुमान बस. भाकर गार व्हायली.'

बाकीचे केमो पूर्ण झाले. ती बाई आज दर काही महिन्यांनी तपासणीला जाते. घरचे तारीख चुकू देत नाहीत.

तेव्हा पुन्हा एकदा वाचा. कर्करोग शिवल्याने लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका गोधडीत निजल्याने, कपडे एकत्र धुतल्याने लागत नाही. यंत्राने बाहेरून शेक दिला, तर त्या रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. लेकरू जवळ घ्यायला हरकत नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी. केमो दिल्यानंतर दोन दिवस त्या औषधाचा अंश लघवीतून, उलटीतून बाहेर पडतो. ते साफ करताना हातमोजे घालावेत. त्यात भिजलेले कपडे वेगळे धुवावेत. नंतर साबणाने हात धुवावेत. एवढेच.

६. घरात काय करायचे?

जेवण. उपचार चालू असता भूक मरते. अन्नाची चव जाते. 'पोटभर जेव' म्हणून मागे लागू नये. दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे द्यावे. मुगाची मऊ खिचडी, ज्वारीची पेज, वरण, पुरते उकडलेले अंडे, दूध, शिजवलेली भाजी, साल काढलेले फळ चालते. पाणी उकळून गार करून द्यावे. शिळे व उघड्यावरचे देऊ नये. 'हे खाल्लं तर गाठ वाढते' असे सांगून घरचे लोक दूध, अंडे, गोड सारे बंद करतात. अशाने रुग्ण कुपोषणाने खंगतो. पथ्य काय, ते डॉक्टरांना विचारावे.

तोंड. केमोने किंवा शेकाने तोंड येते. मिरची, आंबट, कढत बंद करावे. पेलाभर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरावी. तंबाखू आणि मिश्री त्या दिवसापासून बंद. सोडणे जड जात असेल तर १८००-११-२३५६ या फोनवर फुकट सल्ला मिळतो.

कातडी. शेकाच्या जागी कातडी काळवंडते, आग होते. तेथे तेल, हळद, कोणताही लेप मनाने लावू नये. चोळू नये. सैल सुती कपडा घालावा.

केस. काही औषधांनी केस जातात. औषध संपल्यावर ते बहुधा पुन्हा येतात. आरसा काढून ठेवायची गरज नाही. बाईने पदर घ्यावा, गड्याने टोपी घालावी. कोणी हसू नये.

ताप. हे सर्वांत महत्त्वाचे. घरात तापमापी असावी. केमो चालू असता ताप १००.४ किंवा अधिक झाला, थंडी वाजली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री इस्पितळ गाठावे. गोळी देऊन ताप उतरवत घरी बसणे जिवावर बेतते. गाडी कोणाची घ्यायची, हे आधीच ठरवून ठेवावे.

वेदना. दुखणे सहन करण्यात काही मर्दुमकी नाही. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी द्यावी. कळ यायची वाट पाहू नये. फार वेदना असतील तर डॉक्टर मॉर्फिन देतात. ते अफूपासून बनते, म्हणून लोक भितात. पण डॉक्टरांच्या मापाने, वेदनेसाठी घेतले तर व्यसन लागण्याची भीती फार थोडी. २०१४ साली कायद्यात बदल होऊन ते मिळणे थोडे सोपे झाले आहे. त्याने मळ घट्ट होतो, म्हणून सोबत जुलाबाचे औषधही देतात.

जडीबुटी. कोणी सांगतो, 'अमक्या गावी झाडपाला देतात, तीन पुड्यांत गाठ विरते.' त्याच्या नादी लागून चालू उपचार सोडू नये. गेलेले महिने परत मिळत नाहीत. मनाच्या समाधानासाठी काही घेतलेच, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

काम. बाई आजारी पडली तरी चूल तिनेच पेटवायची, असे पुष्कळ घरांत चालते. नवऱ्याने, मुलाने भाकरी थापली तर हात झिजत नाहीत. शेजाऱ्यांनी 'काही लागलं तर सांगा' एवढेच म्हणू नये. कोणी सांगत नाही. 'मंगळवारी मी तुमच्या ढोरांना चारा टाकतो, तुम्ही दवाखान्यात जा,' असे सांगावे.

बोलणे. भेटायला जाऊन 'अमका याच रोगाने गेला' ही कहाणी सांगू नये. 'काही होत नाही' असेही खोटे म्हणू नये. पिकाचे बोला, पावसाचे बोला, लेकीबाळींचे बोला. त्याला रडू आले तर रडू द्या. रोगाचे नाव रुग्णापासून लपवणारी घरे पुष्कळ आहेत. पण रुग्णाला सारे कळत असते. घरचे बोलत नाहीत म्हणून तोही बोलत नाही, आणि एकाच छपराखाली सगळे एकेकटे पडतात. त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे त्यालाच विचारावे.

७. वाचता येणाऱ्याचे काम

आता तुम्ही म्हणाल, 'आम्ही काय डॉक्टर आहोत?' नाही. मीही डॉक्टर नाही. शाळामास्तर आहे. पण ज्याला वाचता येते त्याच्या हातात पुष्कळ आहे.

एका जाड पिशवीत सगळे कागद तारखेप्रमाणे लावून ठेवा. एकही फेकू नका. पुढची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहा. कोणती गोळी सकाळी, कोणती रात्री, हे मोठ्या अक्षरात लिहून चुलीजवळ चिकटवा. ताप किती आला, उलट्या किती झाल्या, हे वहीत टिपा. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घरूनच लिहून न्या. तेथे गर्दीत सुचत नाही. इस्पितळाच्या कागदावर बहुधा इंग्रजी वळणाचे आकडे असतात. तेही शिकून घ्या.

तुमच्या घरी रुग्ण नसेल. पण गल्लीत असेल, आणि त्याच्या घरी कोणाला वाचता येत नसेल. त्याच्याबरोबर एक दिवस जा. पाट्या वाचा, खिडकी शोधा, चिठ्ठी वाचून दाखवा. पुष्कळ रुग्ण मध्येच येणे सोडतात. कधी पैसा नसतो, कधी कागद हरवतो, कधी सोबतीला कोणी नसते. यातल्या दोन गोष्टी तरी आपण भरून काढू शकतो.

८. रोग बरा होणार नाही असे कळले तर?

कधी कधी डॉक्टर सांगतात की आता रोग हटणार नाही. तेव्हा 'आता काही करता येत नाही' असे म्हणून माणसाला टाकून देऊ नये. रोगावरचे औषध संपते. वेदनेवरचे, धापेवरचे, उलटीवरचे औषध संपत नाही. अशा रुग्णांची शेवटपर्यंत सेवा करणारी 'शांती आवेदना' ही संस्था १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाली. आपल्या देशातले असे ते पहिले ठिकाण. अशी सेवा घरीही करता येते. ती कशी करायची, हे इस्पितळातून घरी परतताना डॉक्टर व सिस्टर यांच्याकडून शिकून घ्यावे.

अंथरुणावर खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. ओठ ओले ठेवावेत. अंथरूण कोरडे ठेवावे. त्याला कोणाला भेटायचे असेल त्याला बोलवावे. काही सांगायचे असेल ते ऐकावे. आणि रात्रंदिवस सेवा करणाऱ्यालाही आठवड्यातून एखादा दिवस कोणीतरी सुट्टी द्यावी. तोही माणूसच आहे.

एवढे लक्षात ठेवा

कर्करोग शिवल्याने लागत नाही.
तीन आठवडे न भरणारी जखम आणि न दुखणारी गाठ लपवू नका.
सुरू केलेले उपचार मध्येच सोडू नका.
केमो चालू असता ताप आला तर त्याच रात्री इस्पितळात जा.
रुग्णाचे ताट वेगळे करू नका. त्याला एकटे टाकू नका.

प्रश्न

१. 'कर्क' या शब्दाचा अर्थ काय?
२. धाराशिव जिल्ह्यातील तपासणीने काय दिसून आले?
३. सिस्टरने म्हातारीला 'तुमच्यापासून तिला धोका आहे' असे का म्हटले?
४. आरोग्यमित्राकडे जाताना कोणती दोन कागदपत्रे न्यावीत?

करून पाहा

आरशासमोर उजेडात उभे राहून आपले तोंड आतून पाहा. तीन बोटे तोंडात जातात का, ते पाहा. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला तसे करायला सांगा. नंतर दुसऱ्या भागातील खुणा त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.